बाळ आत दाखल, मग आई कुठे राहणार?

वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचं तर एका बाजूलाच चाळीसेक किलोमीटर. काणकोणहून त्याहून लांब. बाळंतिणीला डिस्चार्ज मिळतो, बाळ मात्र एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहतं, आणि त्या संध्याकाळी घरातले सगळे एकाच प्रश्नावर अडतात: हिला घरी न्यायचं की तिथेच ठेवायचं?

माझी मुलगी 32व्या आठवड्यात जन्मली, वजन दीड किलोच्या आत. आम्ही आधी घर निवडलं आणि चार दिवसांनी रुग्णालयात मुक्कामाला परतलो. दोन्ही अनुभवलं, म्हणून लिहितेय.

घरी शेक होता, ऊन पेज होती, पाठ टेकायला अंथरूण होतं. पण दूध आटायला लागलं. दर दोन-तीन तासांनी, दिवसाला आठेक वेळा, रात्रीसुद्धा दूध काढायला हवं, तरच ते टिकतं. घरात पाहुणे, न्हाणं, सगळ्यांची काळजी यात माझं चार वेळाच व्हायचं. शिवाय काढलेलं दूध साध्या हवेत चारेक तासच ठेवता येतं, त्यामुळे प्रवासात बर्फाचा डबा लागायचा. सकाळी नेलेलं ते थोडंसं दूध सिस्टरच्या हातात देताना माझे डोळे भरून यायचे.

मुक्काम सोपा नव्हता. बाकावर झोप, सुजलेले पाय, टाके ओढायचे, कपडे वाळत घालायला जागा नाही. कुणी विचारलं तर हे लपवत नाही. पण बाळाला दिवसातून अनेकदा छातीशी धरता आलं, आणि माझा निर्णय त्यावरच ठरला. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला 8 ते 24 तास कांगारू पद्धतीने आईच्या उघड्या छातीशी ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 1 ते 1.8 किलोच्या बाळांच्या आया अतिदक्षता विभागातच बाळाजवळ राहिल्या, तेव्हा मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. भेटीच्या तासाभरात आठ तास कसे बसवणार?

म्हणून बाळ लहान असेल आणि डॉक्टर छातीशी धरू देत असतील, तर माझं मत मुक्कामाकडेच आहे. नऊ महिने भरलेलं बाळ काविळीसाठी निळ्या दिव्याखाली असेल, तर दोन-तीन दिवसांचा प्रश्न असतो, तेव्हाही थांबाच.

जवळ भाड्याची खोली हा मधला मार्ग आहे. परवडत असेल तर चांगला; न्हाणं आणि नीट जेवण तिथे होतं. मात्र रात्री दोनला दूध द्यायला आत सोडतात का, हे खोली घेण्याआधी विचारा. सोडत नसतील तर खोलीचा उपयोग अर्धाच.

आईचाच रक्तदाब वाढलेला असेल, ताप असेल किंवा रक्तस्राव जास्त होत असेल, तर हा हिशोबच बदलतो. तिने बाकावर झोपू नये, तिची खाट सुटू देऊ नका. आणि घरी लहान लेकरू वाट पाहत असेल, म्हणून कुणी घर निवडलं, तर तिला नावं ठेवू नका. तिने दिवसा सलग सहा-सात तास येऊन बाळाला छातीशी धरलं तरी पुष्कळ होतं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयात 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि नेणं-आणणं मोफत आहे. आईचं मोफत जेवण मात्र साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. पुढे डबा आपला. माझी नणंद पहिल्या बसने पेज, उकडलेली अंडी आणि धुतलेली लुगडी घेऊन यायची, आणि परतताना मळकी घेऊन जायची. ती नसती तर माझे ते एकोणीस दिवस निघाले नसते. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी घरात बसून हे ठरवा: डबा कोण आणणार, आणि रात्री आईजवळ कोण राहणार.