नव्या ईसीयूचा प्लग काढला, तरी गाडी चालूच

चोपड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार आणतो, मी ती गुंडाळून देतो आणि नेण्याआधी तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरवर त्याला दाखवतो. आकडा दाखवल्याशिवाय मी कधी पैसे मागितले नाहीत. असा माणूस स्वतःच्या गाडीच्या बाबतीत १ लाख ४५ हजारांना कसा बुडला, ते लिहितोय. लाज वाटते, पण त्याच माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर अजून रोज नवी गाडी दिसते, म्हणून लिहितोय.

गाडी अबार्थ पुंटो, २०१६ ची, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, कंपनीतूनच १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन मीटर. या गाड्या रांजणगावला बनत, आता बनत नाहीत. आमच्या भागात ही गाडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नाकावर विंचवाचं चिन्ह आहे. डंख मात्र मालकाला बसला.

खरं तर गाडीत काही खोट नव्हती. पण भाच्याच्या मित्रमंडळींत कुणी पोलो रिमॅप केलेली, कुणी ऑक्टाव्हिया. बसलं की विषय तोच. त्यातून एका 'ट्यूनर'चा नंबर मिळाला. माणूस सुरतकडचा, दर पंधरा दिवसांनी लॅपटॉप घेऊन धुळ्याजवळ हायवेवरच्या एका गॅरेजात 'कॅम्प' लावायचा. बोलायला गोड. पहिल्या फोनलाच म्हणाला, "शेठ, रिमॅप तर पोरं करतात. तुमच्या गाडीला स्टँडअलोन शोभेल."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ईसीयू म्हणजे इंजिनचा मेंदू. किती पेट्रोल सोडायचं आणि स्पार्क कधी टाकायचा, हे तो ठरवतो. रिमॅप म्हणजे कंपनीच्याच ईसीयूतली फाइल बदलणं. पिगीबॅक म्हणजे सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये एक डबी बसवून मेंदूला खोटं सांगणं. आणि स्टँडअलोन म्हणजे मेंदूच नवा. हॉलटेक, मोटेक ही ऑस्ट्रेलियाची, लिंक न्यूझीलंडचं, ही त्यातली मोठी नावं. हौशी लोक स्वतः जुळवतात ते मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो. यातला फरक मला तेव्हाही तोंडपाठ होता, हेच तर वाईट.

भाव सांगितला १ लाख ६५ हजार. मी घासाघीस केली तर म्हणाला, "तुमचा ओरिजिनल ईसीयू मला एक्स्चेंजमध्ये द्या, २० हजार कमी करतो." मी खूश. जुन्या मेंदूचे वीस हजार, अजून काय पाहिजे! एक लाख रोख, ४५ हजार यूपीआयने, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. बिल मिळालं ४,५०० रुपयांचं: 'वायरिंग दुरुस्ती व मजुरी'. जीएसटी नाही, ईसीयूच्या डब्याचा सिरियल नंबर नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा, सावलीत ४२. सकाळी अकराला गाडी आत घेतली, शटर अर्धं ओढलं. "लूमचं (वायरींच्या जुडग्याचं) काम नाजूक असतं, गिऱ्हाईक जवळ असलं की हात थरथरतो," म्हणे. मी हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खाऊन, दोन तास खाटेवर लोळून परत आलो. चारला गाडी माझ्या हातात. ग्लोव्ह बॉक्सखाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा डबा, परदेशी नामांकित कंपनीचं लेबल, निळा दिवा लुकलुकतोय, बोटाएवढा जाड वायरींचा जुडगा काळ्या जाळीत गुंडाळून आत गेलेला. लॅपटॉपवर रंगीत तक्ता, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटी. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, छापील कागद: १८२ एचपी.

गाडी बाहेर काढली आणि खरंच सांगतो, पाय नुसता टेकवला तर मान मागे गेली. सोनगीरपर्यंत जाऊन आलो. भाच्याचा मित्र मागच्या सीटवरून ओरडला, "गाडी काय पयस भो!" सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घेताना माझी आई प्रत्येक भांडं टिचकी मारून वाजवून बघायची. त्याच गावाच्या फाट्यावरून मी दीड लाखाची वस्तू न वाजवता घेऊन वळलो.

आता जे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, ते.

पहिलं म्हणजे वेळ. स्टँडअलोन पाच तासांत बसत नाही. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, थ्रॉटल, पाण्याचं आणि हवेचं तापमान, हे सगळं नव्या डब्याला जोडावं लागतं. मग टायमिंग लाइट लावून बघायचं की स्पार्कची वेळ लॅपटॉपवर १० अंश दिसते ती इंजिनच्या पुलीवरही १० च आहे का. हे जुळलं नाही तर पुढचा सगळा नकाशा चुकीचा. शिवाय थंड इंजिन सुरू होण्याचं सेटिंग करायला गाडी रात्रभर गार व्हावी लागते, म्हणजे मुक्काम आलाच.

दुसरं, वाइडबँड सेन्सर. पेट्रोलला हवा-इंधनाचं शास्त्रशुद्ध प्रमाण १४.७ ला १, पण टर्बो गाडी पूर्ण ताकदीवर असताना ते १२ च्या आसपास, म्हणजे जास्त पेट्रोलवर ठेवतात, नाहीतर आतली उष्णता आवरत नाही. हे मोजायला एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लागतो आणि त्याची जागा बहुतेक वेळा भोक पाडून, नट वेल्ड करून करावी लागते. माझ्या सायलेन्सरवर वेल्डिंगचा ठिपकासुद्धा नव्हता. मग तो रंगीत तक्ता कशाच्या आधारावर भरला?

तिसरं तर हसण्यासारखं. डायनोच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात खोलीचं तापमान छापलेलं असतं. माझ्या कागदावर होतं २२ अंश. एप्रिलात, धुळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. आणि त्या गॅरेजात डायनो नव्हताच मुळी. हा कागद नीट वाचला तो जूनमध्ये, सगळं झाल्यावर.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मीटरवर एकही वॉर्निंग दिवा नव्हता. मला वाटलं, वा, काय सफाईदार काम! आजकालच्या गाडीत ईसीयू एकटा नसतो. चावीच्या इमोबिलायझरशी, एबीएसशी, मीटरशी तो सतत बोलत असतो. मेंदू काढून परका बसवला की निदान एखादा तरी दिवा पेटतो, आणि तो विझवायला वेगळी मेहनत लागते. सगळं जसंच्या तसं चालत होतं, कारण जुना मेंदू जागेवरच होता.

हे कळलं मे महिन्यात. भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी संभाजीनगरला निघालो, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत होतो. दुपारचे दोन, एसी चालू, गाडीत चौघं. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात हरभरे टाकून हलवावेत तसा. मी मूर्खासारखा पाय आणखी दाबला. वरच्या वळणावर आवाज थांबला आणि ताकदही संपली. आरशात निळा धूर. गाडी तीन पायांवर घुरघुरत कशीबशी कडेला घेतली. तिथून टोइंगने जळगाव.

अजिंठा चौफुलीकडे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आधी कॉम्प्रेशन बघितलं: तीन सिलिंडर दीडशे पीएसआयच्या पुढे, दोन नंबरचं साठ. मी सांगितलं, ईसीयू बदललेला आहे, नवा आहे, महाग आहे. चाचांनी खाली वाकून निळा दिवा बघितला. म्हणाले, "गाडी चालू कर." थडथडत का होईना, सुरू झाली. चाचांनी हात घातला आणि डब्याचा प्लग खस्सकन ओढून काढला.

निळा दिवा विझला. इंजिन चालूच.

दुकानात मी रोज शंभर वायरी हाताळतो, पण तो क्षण आठवला की अजून कानशिलं गरम होतात. चाचा काही बोलले नाहीत. जाळी कापली, टेप सोडवली. चोवीस वायरींपैकी लाल आणि काळी तेवढी जोडलेली, बारा व्होल्ट आणि अर्थ. बाकी बावीस वीतभर आत जाऊन एकसारख्या कापलेल्या, टोकाला नीट हीटश्रिंक लावलेलं. काम स्वच्छ होतं, हे मान्य करावं लागेल. डबा उघडला तर आत दिवा लुकलुकवणारी एक बोटभर सर्किट पट्टी आणि वजन यावं म्हणून ओतलेलं रेझिन. वीस हजार कमी करून 'एक्स्चेंज' केलेला माझा ओरिजिनल ईसीयू आपल्या जागेवर, कंपनीच्या बोल्टसह, धूळसुद्धा न हललेला.

मग मान मागे का जात होती? अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर एक वेगळी डबी लपवलेली निघाली. पेडलची आता केबल नसते, सिग्नल जातो. ही डबी वीस टक्के दाबलेलं पेडल पन्नास टक्के म्हणून सांगते. गाडी सुरुवातीला उडी मारते, पण पाय पूर्ण दाबला की ताकद तेवढीच, कारण शंभराच्या वर काही नाही. पायाला वाटतं ते आणि मीटरवर येतं ते, यातला फरक मी गिऱ्हाइकांना रोज समजावतो.

ही निदान निरुपद्रवी होती. इंजिन खाल्लं दुसऱ्या, आगपेटीएवढ्या डबीनं. ती मॅनिफोल्डच्या दाबाच्या सेन्सरवर बसवलेली. खरा दाब जास्त असताना ईसीयूला कमी सांगायची. ईसीयूला वाटतं हवा कमी आहे. तो पेट्रोल हात आखडून सोडतो, हलक्या भाराला साजेसा स्पार्क लवकर टाकतो, आणि दाब वाढवायला टर्बोला आणखी पुढे ढकलतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, स्पार्क लवकर. थंडीच्या दिवसांत हे एखादवेळी निभावतं. आमच्याकडे मेमध्ये आत जाणारी हवाच तापलेली असते. पेट्रोल अवेळी पेटून तो हरभऱ्यांसारखा आवाज होतो, त्याला नॉक म्हणतात. तो ओळखणारा नॉक सेन्सर स्पार्क मागे घेतो, पण त्यालाही हद्द आहे. हेड उघडलं तेव्हा दोन नंबरच्या पिस्टनवर दोन रिंगांच्या मधली कड नखाएवढी तुटलेली होती आणि सिलिंडरवर उभा ओरखडा.

ट्यूनरला फोन केला. आधी "पेट्रोल खराब असेल", मग "वॉरंटी डब्यावर आहे, इंजिनवर नाही". प्लगचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा खरा सूर लागला: "शेठ, गाडी मॉडिफाय केली म्हणून केस तुमच्यावरच होईल." आणि ब्लॉक.

या धमकीला बरेच जण घाबरतात, त्यावरच यांचा धंदा चालतो. धमकी निव्वळ पोकळ नाही, हेही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझ्या वकिलाचं म्हणणं असं की आपण चुकलो म्हणून समोरच्याला ठकवायची मुभा मिळत नाही. आपलं आपण आधीच सांगून टाकायचं. पोलिसांनी अर्ज घेतला, "हे दिवाणी आहे" म्हणाले. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, धुळे-सुरत खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. रोख दिलेल्या लाखाचा कागद माझ्याकडे नाही, तो गेलाच समजा. यूपीआयचे ४५ हजार, त्याचे व्हॉइस मेसेज आणि चाचांनी प्लग काढतानाचा व्हिडिओ, एवढ्यावर उभा आहे.

मधल्या काळात पुण्याच्या एका खऱ्या ट्यूनरशी बोललो. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला स्टँडअलोन कशाला पाहिजे होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही गाड्यांत मीटर चालावं म्हणून जुना ईसीयू ठेवून शेजारी नवा बसवतात, हे त्यानं सांगितलं. म्हणजे जुना जागेवर दिसला की फसवणूकच असं नाही. पण मग पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या आणि स्पार्क देणाऱ्या कॉइलच्या वायरी नव्या डब्याकडे गेलेल्या असल्या पाहिजेत. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन मिनिटांत कळतं. माझ्या दुकानात चार मल्टिमीटर आहेत.

परवा अमळनेरच्या एका पोराचा फोन आला. त्याच माणसाकडे २० हजार अ‍ॅडव्हान्स देऊन बसलेला, आणि गाडी त्याच दिवशी मिळणार होती. मी म्हटलं, बाकीचं राहू दे, इंजिन चालू ठेवून त्याला डब्याचा प्लग काढायला लाव. तासाभरानं त्याचा पुन्हा फोन.

"भाऊ, तो म्हणतो चालू गाडीत प्लग काढला तर डबा जळतो."

"ते खरंही असेल," मी म्हटलं. "मग गाडी बंद करायला सांग, प्लग काढ, आणि तू स्वतः चावी फिरव."