चौथीचा छापून घ्यायचा सरावसंच: गणित भक्कम, विज्ञान लंगडे

हा संच फाइलच्या रूपात मिळतो, छापून आपल्याला घ्यावा लागतो. गणित, मराठी, विज्ञान आणि समाज असे चार भाग आहेत. निम्मी पाने एकट्या गणिताची आहेत आणि ते बरोबरच आहे. चौथीत मुलांची गाडी अडते ती बहुधा तिथेच.

आधी छपाईचे बघू, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. फाइल उघडून थेट प्रिंट दिले तर बरेचदा ‘फिट टू पेज’ आपोआप निवडलेले असते आणि पान थोडे आक्रसते. ९४ टक्क्यांवर छापले गेले की ५ सेंटिमीटरची रेघ भरते ४.७. मूल पट्टी नीट लावून ४.७ लिहिते, उत्तरसूची ५ म्हणते आणि ओरडा मुलाला बसतो. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के निवडावे, पहिले पान छापून पट्टीने मोजावे, मगच बाकीचे छापावे. कोन मोजायच्या पानांना याची बाधा नाही. आकृती लहान झाली तरी कोन तेवढाच राहतो.

सरावपुस्तिका चांगली की वाईट हे ठरवायला प्रश्नांची संख्या मोजू नये, उदाहरणातले आकडे पाहावेत. चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर येत असेल तर ते उदाहरण फुकट गेले. ८४६ ÷ २ घ्या. प्रत्येक अंकाला दोनने भाग जातो, ४२३ येतात, मुलाला भागाकार कळला की नाही ते कळत नाही. ८२४ ÷ ८ दिले की लगेच कळते. आठ एके आठ झाले, २ खाली घेतले, दोनाला आठाने भाग जात नाही म्हणून मूल लगेच ४ खाली घेते, चोविसाला भागते आणि १३ लिहून मोकळे होते. मधले शून्य गायब. उत्तर हवे १०३.

या संचातला भागाकार याच कसोटीवर उतरतो. ८२४ ÷ ८, मग ६१५ ÷ ६ (१०२, बाकी ३), मग ४०३२ ÷ ४ (१००८, म्हणजे दोन शून्ये). शेजारी ‘अंदाज’ नावाची रिकामी चौकट आहे. भागायच्या आधी ८०० ÷ ८ = १०० एवढे त्यात लिहिले की १३ हे उत्तर मुलाचे मुलालाच खटकते. ही चौकट पुष्कळ पुस्तिकांत नसते. इथे आहे, तर ती भरल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

दोन अंकी गुणाकाराची पानेही चांगली आहेत, पण एक खोट आहे. ४६ × २३ मध्ये दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली मारायला सांगितले आहे. का मारायची ते कुठेच सांगितलेले नाही. फुली विसरली की १३८ आणि ९२ मिळवून २३० येतात. तो २ हा दोन नाही, वीस आहे आणि ४६ × २० = ९२०, हे एकदा लिहून दाखवले की १३८ + ९२० = १०५८ हे फुलीविनाही जमते.

वेळेची वजाबाकी तर अगदी नेमकी निवडली आहे. ५ वाजून १० मिनिटांतून २ वाजून ४५ मिनिटे वजा करायची. नेहमीच्या सवयीने हातचा घेतला की १०० ची उसनवारी होते आणि २ तास ६५ मिनिटे येतात. तासाकडून घ्यायचा हातचा ६० चा असतो. उत्तर २ तास २५ मिनिटे. ५:४० मधून २:१० वजा करायला दिले असते तर ही चूक वर्षभर झाकलेली राहिली असती.

संख्यालेखनासाठी मोठ्यांनी वाचून दाखवायचे एक पान आहे, ते वगळू नका. ‘एकोणसाठ’ म्हटले की ‘साठ’ तेवढे कानात राहते आणि वहीत ६९ उतरतात. ‘चार लाख पाच हजार बावीस’ याचे ४५,०२२ होतात, कारण दशहजाराच्या घरातले शून्य तोंडाने कोणी उच्चारत नाही. आधी घरे आखून मग अंक भरायला लावले तर ४,०५,०२२ बरोबर येते.

अपूर्णांकांत मात्र संचाने सोपी वाट धरली आहे. तुलनेची पहिली सहा उदाहरणे समच्छेद आहेत: ३/५ मोठा की २/५? अंश पाहूनच उत्तर देता येते. ३/५ आणि ३/८ ही जोडी थेट शेवटच्या ओळीत येते, आणि ‘आठ पाचापेक्षा मोठे, म्हणून ३/८ मोठा’ ही चौथीतली हमखास चूक तिथेच पकडता येते. त्यासाठी २० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. एकीवर दर ४ सेंटिमीटरला खूण करा, पाच भाग होतात. दुसरीवर दर अडीच सेंटिमीटरला, आठ भाग होतात. दोन्हींचे तीन-तीन भाग रंगवा. एकीकडे १२ सेंटिमीटर रंगतात, दुसरीकडे साडेसात. भाग जास्त तर प्रत्येक भाग लहान, हे मग सांगावे लागत नाही. दशांशातही तेच: ०.५ आणि ०.३५ यांत ३५ मोठे दिसतात म्हणून ०.३५ मोठे ठरवले जाते. ०.५ च्या जागी ०.५० लिहायला लावावे.

परिमिती आणि क्षेत्रफळाच्या पानावरची पहिलीच आकृती ४ सेंटिमीटर बाजूचा चौरस आहे. परिमिती १६, क्षेत्रफळही १६! दोन्हींत गोंधळ करणाऱ्या मुलासाठी याहून वाईट आकृती शोधून सापडणार नाही. ती खोडा आणि ६ × ४ व ८ × ३ असे दोन आयत काढा. क्षेत्रफळ दोन्हींचे २४ चौ. सेंमी, परिमिती एकाची २० सेंमी, दुसऱ्याची २२.

मराठीचा भाग मध्यम आहे. उतारे वाचनीय आहेत, पण खालच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर उताऱ्यातले एखादे वाक्य जसेच्या तसे उतरवून देता येते. प्रत्येक उताऱ्याला ‘असे का झाले असेल?’ किंवा ‘हे उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवरून कळले?’ असा एक प्रश्न आपण जोडावा. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे पान आहे. त्यात फूल–फुले, मूल–मुले अशा जोड्या दिल्या आहेत आणि रिकाम्या जागांत तेच शब्द पुन्हा विचारले आहेत. म्हणजे वर पाहून खाली लिहायचे. शब्द बदलून पाहा: पूल–पुलावर, बहीण–बहिणीला, सून–सुनेने. प्रत्यय लागला की शेवटून दुसरे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते, हे न पाहिलेल्या शब्दावर जमले तरच कळले म्हणायचे. ‘शरीर’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, शरीराला दीर्घच राहते, संचात हा अपवादच नाही. निबंधाचे विषय पाठांतराला उत्तेजन देणारे. त्यापेक्षा ‘बुटाची नाडी कशी बांधावी’ हे पाच वाक्यांत लिहायला सांगा आणि ती वाक्ये वाचून दुसऱ्याने अगदी तसेच करून पाहावे. कुठली पायरी सुटली ते नाडीच सांगते.

विज्ञान हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग. अन्नसाखळीत गवत, टोळ, बेडूक, साप क्रमाने लावायचे आहेत, पण बाण छापलेलेच आहेत. मुले बाण उलटा काढतात, ‘साप बेडकाला खातो’ म्हणून सापाकडून बेडकाकडे. बाण अन्नाकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. छापलेले बाण खोडून मुलाकडून काढून घ्यावेत. बल्ब पेटवायच्या चित्रातही दोन्ही तारा आधीच जोडलेल्या आहेत. मुलाने स्वतः चित्र काढले तर बहुधा एकच तार काढते. बाष्पीभवनाचा प्रयोग चांगला आहे: ५० मिलिलिटर पाणी पसरट बशीत आणि तेवढेच उभ्या ग्लासात. फक्त दोन्ही एकाच जागी ठेवा हे लिहायचे राहिले आहे. बशी उन्हात आणि ग्लास सावलीत ठेवला तर पाणी भांड्याच्या आकारामुळे आटले की उन्हामुळे, हे कसे कळणार?

उत्तरसूचीत एक धडधडीत चूक आहे. ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उन्हाळा येतो’ असे छापले आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हे पान छापूच नका.

समाजाच्या भागात नकाशावाचन उत्तम आहे. १ सेंटिमीटर = २ किलोमीटर असे प्रमाण दिले आहे आणि रस्ता मुद्दाम वळणावळणाचा काढला आहे. सरळ पट्टी लावली तर अंतर कमी भरते. रस्त्यावर दोरा ठेवून मग तो पट्टीवर ताणायचा. दोरा साडेसहा सेंटिमीटर भरला तर अंतर १३ किलोमीटर. अर्थात हेही १०० टक्क्यांवर छापले असेल तरच. कालरेषेवर शतकांची नेहमीची गफलत पकडणारा प्रश्नही आहे: माणूस चंद्रावर उतरला ते १९६९ हे वर्ष कोणत्या शतकातले? ‘एकोणिसावे’ असे उत्तर आले तर १९०१ ते २००० हा पट्टा आखून त्यावर १९६९ ठेवायला सांगा.

उत्तरसूचीत फक्त अंतिम उत्तरे आहेत, पायऱ्या नाहीत. भागाकारासाठी तेवढ्याने भागत नाही. १३ आले म्हणजे शून्य सुटले, हे तपासणाऱ्याला स्वतः ओळखावे लागते. सूची वेगळी छापून ठेवा आणि बाकीची पाने एकाच बाजूला छापा, कच्च्या आकडेमोडीला मागची बाजू लागतेच.