जिमच्या जुन्या लोखंडाचे घरगुती फर्निचर: आर्क, मिग, टिग की नुसते नटबोल्ट?

एखादी व्यायामशाळा नवी यंत्रे घेते तेव्हा मल्टिजिमचे जुने सांगाडे, बेंच, वजनाच्या प्लेट्स आणि बार भंगाराच्या वजनी भावाने बाहेर पडतात. हे लोखंड जाड, सरळ आणि मुळातच भार पेलण्यासाठी घडवलेले असते. त्यापासून घरच्या घरी बाक, टीपॉय किंवा पुस्तकांची मांडणी करण्याचा विचार म्हणूनच उत्तम आहे. बहुतेकांचे अडते ते कोणते वेल्डिंग मशीन घ्यावे या प्रश्नापाशी. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हातातले लोखंड कोणत्या जातीचे आहे हा, कारण जिममध्ये शेजारी शेजारी असलेल्या सांगाडा, प्लेट आणि बार या तीन वस्तू तीन निराळ्या धातूंच्या असू शकतात आणि एकीला जे वेल्डिंग मानवते त्यानेच दुसरीला तडा जातो.

सांगाड्याचे चौकोनी पाइप बहुधा साध्या माइल्ड स्टीलचे असतात आणि ते कोणत्याही पद्धतीने चांगले जोडले जातात. प्लेट बहुतेक वेळा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असल्यामुळे वेल्डिंगची जागा झटकन थंड होताना कडक व ठिसूळ बनते आणि टाक्याच्या कडेने चीर धावते. बारचे मात्र सांगता येत नाही: साध्या जिममधला बार साध्या सळईचा असू शकतो, तर स्पर्धेच्या दर्जाचा बार (पुरुषांसाठी 20 किलो, 28 मिलिमीटर जाडीचा) उच्च ताणशक्तीच्या पोलादाचा असतो व वेल्डिंगशेजारी तो अचानक तुटू शकतो. ओळख पटवण्यासाठी ग्राइंडर हलकेच टेकवून ठिणग्या पाहाव्यात. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर असतात. मशीनच्या दुकानात जाण्याआधी ही चाचणी झालेली असावी.

आता खरी तुलना आर्क आणि मिग यांच्यात आहे. रॉडने चालणारे इन्व्हर्टर आर्क मशीन (इथे इन्व्हर्टर म्हणजे घरातला बॅटरीचा नव्हे, तर हलक्या इलेक्ट्रॉनिक जातीचे वेल्डिंग मशीन) सर्वांत स्वस्त असते, एका हाताने उचलता येते आणि त्याला गॅसचा सिलिंडर लागत नाही. 6013 जातीचा 2.5 मिलिमीटरचा रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालतो आणि दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या मल्टिजिम पाइपला तो अगदी योग्य आहे. किंचित गंज किंवा राहून गेलेला रंगही तो बऱ्यापैकी सोसतो, आणि भंगारातल्या मालाच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे. त्याची मर्यादा पातळ पाइपवर उघडी पडते: दीड मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला भोक पडते, मग 2 मिलिमीटरचा रॉड घेऊन, करंट उतरवून, तुटक टाके मारत काम पुढे न्यावे लागते. शिवाय प्रत्येक टाक्यावरची मळी हातोडीने झाडावी लागते.

मिगमध्ये तार आपोआप पुढे येत असल्याने नवशिक्याचा हात लवकर बसतो आणि पातळ पाइपवर ताबा चांगला राहतो. त्यातही दोन वाटा आहेत. गॅसचे मिग स्वच्छ टाका देते. पण त्याला कार्बन डायऑक्साइडचा किंवा आर्गॉन-मिश्रणाचा सिलिंडर लागतो आणि गच्चीवरच्या वाऱ्याने गॅसचे आवरण उडून टाका सच्छिद्र होतो. फ्लक्स (जळताना टाक्यावर आवरण धरणारी पूड) भरलेल्या तारेचे बिनगॅसचे मिग वाऱ्यात चालते. मात्र त्याचे शिंतोडे व धूर बरेच असतात, आणि अशा तारेसाठी टॉर्च ऋण टोकाला जोडावी लागते. हे जोडणीचे टोक बदलायचे राहिले की टाका खराब येतो आणि दोष मशीनला दिला जातो. दोन-तीन वस्तूंपुरता उत्साह असेल तर मिगचा जास्तीचा खर्च मला पटत नाही. वर्षभर खुर्च्या आणि मांडण्या करायच्या असतील तर तो सार्थकी लागतो.

टिगमध्ये न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पाडतात आणि भरणीची तार हाताने देतात. त्याचे टाके सर्वांत देखणे असतात, पण त्याला धातू निर्मळ लागतो, हात सावकाश चालतो आणि ॲल्युमिनियम जोडायचे तर एसी करंट देणारे महाग मशीन घ्यावे लागते. भंगारातून सुरुवात करणाऱ्याने त्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

चौथा पर्याय नटबोल्टचा. त्याला कमी लेखले जाते, पण प्लेट्ससाठी तोच सर्वोत्तम आहे. बीड निकेलच्या रॉडने, आधी तापवून, आखूड टाके मारून आणि सावकाश निववून जोडता येते. घरगुती टीपॉयसाठी हा खटाटोप अनाठायी आहे. त्यापेक्षा उभ्या पाइपच्या तळाशी माइल्ड स्टीलची चौकोनी पट्टी वेल्ड करावी, प्लेटला ड्रिलने चार भोके पाडावीत आणि पट्टी त्यावर 8 मिलिमीटरच्या बोल्टने आवळावी. बिडाला ड्रिल करताना तेल लागत नाही. कीस भुकटीसारखा सुटतो. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, त्यामुळे 20 किलोची एक प्लेट खाली असली की टीपॉय सहजासहजी कलंडत नाही. पुढे तो सुटा करून हलवताही येतो.

जुन्या सायकलची फ्रेम वापरणार असाल तर एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. पारंपरिक काळ्या सायकलींच्या फ्रेमचे सांधे पितळेच्या झाळकामाने, म्हणजे फटीत पितळ वितळवून जोडलेले असतात. अशा सांध्यावर आर्क किंवा मिग चालवल्यास पितळेतले वितळलेले तांबे पोलादात शिरून तडे जातात. म्हणून जोड सांध्यापासून दूर, पाइपच्या मोकळ्या भागावर घ्यावा किंवा पुन्हा पितळेचीच झाळ द्यावी. दोन्ही टोके बंद असलेल्या कोणत्याही पाइपला वेल्डिंगआधी बारीक भोक पाडणे आवश्यक आहे, नाहीतर आतली तापलेली हवा वितळता टाका उडवते.

पद्धत कोणतीही निवडली तरी मुलामा काढणे टळत नाही. जिमच्या चकचकीत नळ्यांवर क्रोम असते आणि ते जळताना निघणाऱ्या धुरात कर्करोगकारक संयुगे असू शकतात. जस्ताच्या मुलाम्याचा धूर ताप आणतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मास्क लावून ग्राइंडरने उघडी करावी आणि काम मोकळ्या हवेतच करावे. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग करूच नये, कारण त्यातून फॉस्जीन हा घातक वायू तयार होऊ शकतो.

विजेचा हिशेबही निवडीत धरावा. इन्व्हर्टर मशीन 80 अँपिअरवर चालवताना घरच्या 230 व्होल्टच्या लाइनमधून साधारण 15 अँपिअर ओढते, म्हणजे 16 अँपिअरचा प्लग आपल्या मर्यादेला टेकतो. 120 अँपिअरचे काम त्यावर निघत नाही. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि बारीक एक्स्टेंशन वायर वापरू नये.

बैठे घर, अंगण आणि बरी वायरिंग असेल तर मी आर्क मशीन, ग्राइंडर, ड्रिल आणि 11 नंबर शेडच्या (गडद काचेच्या) वेल्डिंगचे हेल्मेट एवढेच घ्यायला सांगेन. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मशीन घेऊच नये, कारण बाल्कनीतल्या ठिणग्या खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. त्यांनी आराखडा ठरवून, माप घेऊन, खुणा करून पाइप जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कापून व वेल्ड करून घ्यावेत आणि प्लेट्सचे बोल्ट, घासकाम व रंग घरी करावा. मात्र त्याच्याकडे जाताना कोणता तुकडा बिडाचा आहे आणि कोणत्या बारवर टाका मारायचा नाही, हे खडूने त्या त्या तुकड्यावर लिहून द्यावे.