पुढून २०१८, मागून २०१६! जुनी एसयूव्ही घेणाऱ्यांनो, विसार द्यायच्या आधी वाचा

जुनी सात सीटर गाडी बघताय आणि यार्डवाला म्हणतोय "साहेब, २०१८ मॉडेल आहे", तर आधी हे वाचा आणि मगच विसार द्या. फसले आमचे दाजी, पैसे गेले ताईच्या मोडलेल्या एफडीतले, आणि निस्तरतोय मी, कारण माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि घरात गाडीचं काही निघालं की ते माझ्याच गळ्यात येतं. या वेळी मात्र दाजींनी मला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, सरप्राईज द्यायचं होतं म्हणे. ते मिळालं.

दाजी शाळेत शिक्षक, घरात म्हातारे आईवडील, दोन पोरं, वर्षातून चारदा तुळजापूर-अक्कलकोट, त्यामुळे सात सीटर हवी आणि बजेट दहाच्या आत. पुण्याकडच्या एका यार्डाची जाहिरात दिसली: महिंद्रा एक्सयूव्ही ५००, डब्ल्यू ११ व्हेरियंट, २०१८ मॉडेल, १५५ बीएचपी (म्हणजे इंजिनची ताकद), ६८ हजार किलोमीटर, सिंगल ओनर, आर्मी ऑफिसरची गाडी. (या यार्डातल्या सगळ्या गाड्या आर्मीवाल्यांच्या नाहीतर डॉक्टरांच्याच कशा असतात हे मला आजवर कळलेलं नाही.) सव्वानऊ लाखात सौदा झाला. आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशनचं कार्ड, विचारली तर "पेपर ट्रान्सफरला आरटीओत गेलेत सर" म्हणून व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला, त्यात मालकाचं नाव दिसतंय, चासी नंबर दिसतोय आणि तारखांच्या जागी बरोब्बर धरणाऱ्याचा अंगठा. फक्त पुढची बाजू. मागची पाठवलीच नाही.

आता या गाडीत २०१८ला एवढा भाव का ते सांगतो, म्हणजे पुढची लबाडी कळेल. एक्सयूव्ही ५०० आली २०११ साली, २.२ लिटर एमहॉक डिझेल, १४० बीएचपी. २०१५ला चेहरा बदलला, इंजिन ताकदीला तेवढंच राहिलं. एप्रिल २०१८ला परत बदलली तेव्हा इंजिन १५५ बीएचपी आणि ३६० न्यूटन मीटरचं झालं, जाळी नवीन आली, मागचे लॅम्प पूर्ण वेगळे आले आणि व्हेरियंटची नावंपण बदलली. आधी डब्ल्यू ४, ६, ८, १० असायचं, नंतर ५, ७, ९, ११ झालं. म्हणजे डब्ल्यू ११ लिहिलेली गाडी २०१८च्या आधीची असूच शकत नाही. म्हणूनच जुन्या गाडीवर डब्ल्यू ११चा बॅज चिकटवला की दोन-तीन लाख वर मिळतात.

पहिला बॉम्ब टाकला इन्शुरन्सवाल्या पोराने. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत पॉलिसीपण नावावर करायला लागते, त्यासाठी दाजींनी डॅशबोर्डच्या खणातली जुनी पॉलिसी त्याला पाठवली तर त्याचा फोन, "सर, तुम्ही २०१८ म्हणताय, इथं मॅन्युफॅक्चरिंग २०१६ दिसतंय आणि आयडीव्हीपण सहाच्या आसपास आहे." (आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सहा म्हणजे सहा लाख.) दाजींना वाटलं टायपिंग मिस्टेक असेल. तेव्हा कुठे मला फोन आला.

मी गेलो तर गाडी दारात उभी, हार अजून तसाच. पुढून बघितली तर खरंच २०१८ वाटत होती, तीच क्रोमच्या टिकल्यांची जाळी, तसाच बंपर. मागं गेलो आणि तिथंच कळलं. लॅम्प जुने, ते उभे, खांबाला धरून वर जाणारे. २०१८च्या गाडीचे लॅम्प आडवे, डिकीच्या दरवाज्यात आत घुसलेले असतात. पुढची जाळी-बंपर बदलायला वीस-पंचवीस हजारात काम होतं, पण मागचं बदलायचं तर डिकीचा अख्खा दरवाजा बदलायला लागतो, तेवढा खर्च कोण करतो! डिकीवर मात्र डब्ल्यू ११ असा चकचकीत बॅज, शेजारी जुन्या बॅजच्या गोंदाची पुसट चौकट, नखाने खरवडली तर चिकट लागली.

मग स्टेपनी उतरवली. चारी टायर नवे कोरे घातले होते, पण स्टेपनीकडे यार्डवाल्याचं लक्ष जात नाही हे लक्षात ठेवा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. स्टेपनीवर १९१६. म्हणजे २०१६चा एकोणिसावा आठवडा, मे महिना. २०१८च्या गाडीला कंपनीतून दोन वर्षं जुना टायर येत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढला की खाली शिवलेलं लेबल असतं, तिथंही २०१६च.

पण खरा धक्का आरसी हातात आल्यावर बसला. मागच्या बाजूला उत्पादन जून २०१६, आणि क्युबिक कपॅसिटी, म्हणजे इंजिनची सीसी, दोन हजारच्या आत. २.२ लिटरच्या गाडीच्या आरसीवर २१७९ असतं. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही गाडी आपल्याकडची नाहीच, ही दिल्लीची.

त्याचं असं आहे, डिसेंबर २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली एनसीआरमध्ये दोन हजार सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांच्या नव्या रजिस्ट्रेशनवर बंदी घातली. महिंद्राने लगेच जानेवारी २०१६मध्ये एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओसाठी १.९९ लिटरचं इंजिन काढलं, एक्सयूव्हीत ताकद तीच १४०. ऑगस्ट २०१६मध्ये बंदी उठली. म्हणजे १.९९वाली दिसली की गाडी तिकडची असणार हे जवळपास नक्की. इंजिन वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण आतलं माप वेगळं, त्यामुळे इंजिनचं काम निघालं तर पार्ट इंजिन नंबर देऊनच मागवायचे, २.२चे आणून ठोकायचे नाहीत. आणि दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलला सरसकट बंदी होती (२०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सैल केली), त्यामुळे सात-आठ वर्षं झाली की तिथले लोक मिळेल त्या भावात गाडी काढायचे, इकडचे यार्डवाले ट्रकवर लादून आणायचे, एनओसी लावायचे, इथला टॅक्स भरून एमएच नंबर घ्यायचे. हे सगळं कायदेशीर आहे हां. दिल्लीची म्हणून सांगून दिल्लीच्या भावात विकली तर माझी काही तक्रार नाही. इथं लपवली. नंबरची सिरीज अगदी ताजी होती, दाजींनी ते विचारलंही होतं, तर उत्तर मिळालं, "ऑफिसरची बदली झाली ना सर, म्हणून."

मीटरचं तर विचारूच नका. चासी नंबर घेऊन ओळखीच्या सर्व्हिस सेंटरला हिस्ट्री काढली, २०२१च्या सर्व्हिसलाच एक लाख एकेचाळीस हजार. मीटरवर आज ६८. ब्रेकच्या पेडलचं रबर नवं घातलेलं, पण क्लचचं तसंच ठेवलेलं, पार गुळगुळीत, आणि क्लचपण वरच पकडतोय. या गाडीचा क्लच-फ्लायव्हील म्हणजे खाली बरंच उघडायला लागतं, मजुरीच अंगावर येते.

यार्डवाल्याला फोन लावला. आधी "सर" होता, मग "अहो" झाला. त्याचं म्हणणं ऐका: "आम्ही मॉडेल २०१८ म्हणालो, मॅन्युफॅक्चरिंग कुठं म्हणालो? मॉडेल म्हणजे शेप. शेप २०१८चा आहे का नाही?" मी म्हटलं मागून बघ की शेप. फोन कट. पावती काढून बघितली तर तिच्यावर सालाची जागा रिकामी, सीसीचा उल्लेख नाही, खाली छापलेलं "गाडी आहे त्या स्थितीत पसंत". पावती देताना हे लोक असे सावध असतात.

म्हणून कुठलीही गाडी घ्या, आरसीची मागची बाजू प्रत्यक्ष हातात घेऊन उत्पादनाचा महिना आणि सीसी वाचा, एम परिवहन ॲपवर नंबर टाकून रजिस्ट्रेशनची तारीख जुळवा, आणि साल, सीसी, किलोमीटर पावतीवर लिहून सही घ्या. तो लिहायला कां कूं करायला लागला की उठा. गाडीगणिक खोड वेगळी असते. स्कॉर्पिओच्या एस ३मध्ये जुनं २.५चं ७५ बीएचपीचं इंजिन होतं, वरच्या गाड्यांत २.२ एमहॉक, तिथं सीसी बघितली की लगेच कळतं. डस्टरला मात्र सीसी बघून उपयोग नाही, ८५ आणि ११० बीएचपी दोन्हीचं इंजिन तेच १४६१ सीसी, तिथं गिअरची मूठ बघा, ८५ला पाच गिअर आणि ११०ला सहा. जुनी इनोव्हा २.५, २०१६ची क्रिस्टा आली ती मॅन्युअलला २.४. हॅरियर २०१९ची घ्याल तर १४० बीएचपी आणि २०२०ची बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातली) घ्याल तर १७०, ऑटोमॅटिकपण तेव्हाच आलं, म्हणून तिथं एका वर्षाने भावात बराच फरक पडतो आणि तिथंच जास्त खोटं चालतं. ब्रेझा डिझेल तर बीएस ६मध्ये आलीच नाही, त्यामुळे "२०२१ची ब्रेझा डिझेल" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन परत या.

अजून एक, एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, नियम आहे. ते भिंतीवर आहे का विचारा. आमच्या यार्डवाल्याकडे भिंतीवर फक्त साईबाबा होते.

सध्या काय चाललंय तर, यार्डवाल्याने साडेपाच लाखाला गाडी परत घ्यायची "मदत" देऊ केली, ती नाकारली. वकिलाची नोटीस गेली, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाईन टाकली. आता २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच टाकता येते, पुण्याला हेलपाटे नाहीत, आणि पाच ते दहा लाखाच्या व्यवहाराला फी फक्त दोनशे रुपये. दोन वर्षांच्या आत टाकायला लागते. फसवणुकीचा अर्ज पोलिसातपण दिलाय, तिथं अजून "बघतो" वरच गाडी अडकलीय. आमच्या हातात भक्कम पुरावा एकच आहे, व्हॉट्सॲपवरचा त्याचा मेसेज, "२०१८ डब्ल्यू ११ १५५ बीएचपी ६८००० केएम गॅरंटी सर". नंतर त्याने डिलीट फॉर एव्हरीवन करून बघितलं पण वेळ निघून गेली होती, आणि दाजींनी तोवर त्याचा स्क्रीनशॉट ताईला पाठवलेला होता, गाडी किती भारी मिळाली ते दाखवायला. तोच तक्रारीला पान नंबर चार म्हणून जोडलाय.