‘केमिकलमुक्त’ गालिचा घेताय? प्रमाणपत्र कशाचं आहे ते आधी बघा

आम्हाला गालिचा ‘शंभर टक्के केमिकलमुक्त’ म्हणून विकला गेला. पुरावा म्हणून दाखवलेलं प्रमाणपत्र खोटं नव्हतं, पण ते फक्त वरच्या लोकरीच्या धाग्याचं होतं. खालचं अस्तर आणि जमिनीला चिकटवायचा गोंद यांचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक होतं.

गालिचा बसवला त्याच दिवसापासून घरभर उग्र वास. सासूबाईंचे डोळे चुरचुरायला लागले, मुलाचा घसा खवखवायचा. दुकानदाराचं एकच उत्तर, ‘नव्याचा वास आहे, जाईल.’

हा वास येतो बहुतेकदा अस्तरातून. टाके निसटू नयेत म्हणून गालिच्याच्या पाठीला सिंथेटिक लॅटेक्सचा थर देतात. त्यातून स्टायरीन आणि ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन ही रसायनं हवेत बाहेर पडतात. यातलं दुसरं हवेत अत्यल्प असलं तरी नाकाला कळतं. गोंद सॉल्व्हंटचा (म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात कालवलेला) असेल तर त्याच्या वाफा वेगळ्या. हे काही आमच्याच मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयात १९८७-८८ मध्ये नवे गालिचे घातल्यावर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी त्रासाच्या तक्रारी केल्या होत्या.

खरा संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. तक्रार केल्यावर त्याच माणसाने आम्हाला ‘वास खाणारं’ ओझोन यंत्र विकलं. ओझोन हा वायू फुप्फुसांना मुळातच घातक. शिवाय तो गालिच्यातल्या याच रसायनांशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि इतर अल्डिहाइड ही त्रासदायक रसायनं तयार करतो. हे १९९२ सालीच प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजे ओळखीचा वास कमी होतो आणि घरातली हवा आणखी बिघडते. आजारी माणसांच्या घरात हे यंत्र लावायला सांगणं मला अक्षम्य वाटतं. नुसत्या हेपा फिल्टरचाही इथे उपयोग नाही; तो धूळ अडवतो, वायू नाही. त्यासाठी भरपूर सक्रिय कोळसा लागतो, आणि त्याआधी उघड्या खिडक्या.

शेवटी गालिचा उपटून काढला. पैसे परत मिळाले नाहीत, ‘प्रमाणपत्र दाखवलं होतं ना?’ एवढंच ऐकायला मिळालं.

तुम्ही घेणार असाल तर धागा, अस्तर आणि गोंद या तिन्हींचा उत्सर्जन चाचणीचा (म्हणजे त्यातून हवेत काय बाहेर पडतं याच्या तपासणीचा) अहवाल मागा. शक्यतो न चिकटवता अंथरा, आणि घरी आणण्यापूर्वी काही दिवस गोदामातच उलगडून ठेवायला सांगा. ‘अस्तर व गोंदासह’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. आम्ही बदली माल मागताना एवढीच अट घातली, तर दुकानदाराने लिहून द्यायला साफ नकार दिला.