गावरान की गिरिराज? आधी मे महिन्याचा विचार करा

कोणती कोंबडी वर्षाला किती अंडी देते हे तुम्हाला कोणीही सांगेल, म्हणून ते सोडून देतो. आमचं घर वर्धा जिल्ह्यात. परसात दोन्ही जाती पाळून झाल्या आहेत. जिथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तिथल्या माणसाने काय निवडावं एवढ्यापुरतंच हे आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर हिशेब वेगळा निघू शकेल.

गिरिराजबद्दल आधी चांगलं सांगायला हवं, कारण ती खरोखर चांगली आहे. बंगळुरूच्या हेब्बाळ पशुवैद्यक महाविद्यालयात परसातल्या पालनासाठीच ही जात तयार झाली. वाढ झपाट्याने होते, स्वभाव गरीब. खोक्यात भुसा टाकून ठेवला की अंडं तिथेच घालते, शोधावं लागत नाही. दोन वर्षं आमच्या मुलांना शाळेआधी रोज उकडलेलं अंडं मिळालं ते तिच्यामुळे. ती सहसा खुडूकही होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अर्थात त्यामुळे पिल्लं दर वेळी विकतच आणावी लागतात, आणि घरी निघालेली पुढची पिढी आईसारखी भरत नाही.

गावरान अंडी आणि पिल्लांच्या बाबतीत त्रास देते, हे लपवत नाही. आमच्या कोंबड्या पऱ्हाट्यांच्या ढिगात अंडी घालतात. एका एप्रिलमध्ये तिथे 11 अंडी एकदम सापडली, त्यातली बहुतेक पाण्यावर तरंगली, म्हणजे खराब निघाली. कोंबडा सोबत असला की अंडं फळलेलं असतं, आणि या उष्णतेत कोंबडी बसली नसतानाही आत जीव धरू लागतो, अर्ध्यावर थांबतो आणि अंडं सडतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ढीग चाळावा लागतो. शिवाय ऐन उन्हात खुडूक झालेली कोंबडी रिकाम्या टोपलीतही ठाण मांडून बसते, पाण्यालाही उठायला मागत नाही. मे महिन्यात रवण बसवू नये, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवू नयेत, असं आई म्हणायची. मी एकदा बसवलं. 12 अंड्यांतून 4 पिल्लं निघाली, त्यातलं एक घारीने नेलं.

एवढं असूनही माझा कल गावरानकडे गेला, तो दुपारच्या एका गोष्टीमुळे.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती तुऱ्यातून, गलोल्यांतून (चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीतून) आणि मुख्य म्हणजे चोच उघडी टाकून धापा टाकत बाहेर काढते. अंग जितकं जड आणि पिसारा जितका दाट, तितकं ते अवघड. पण मला नुसत्या वजनापेक्षा वागण्यातला फरक जास्त जाणवला. सावली सरकते तशी गावरान सरकते. सकाळी गोठ्याच्या भिंतीशी, अकराला निंबाखाली, दोनला न्हाणीच्या ओल्या मातीत खड्डा करून पंख पसरलेली. गिरिराज सकाळी जिथे बसली तिथेच बसते. ऊन अंगावर आलं तरी धापा टाकते, पण उठून चार पावलांवरच्या सावलीत जात नाही. तिला उठवायला माणूस लागतं.

आणि मे महिन्यात आमच्याकडे घरी माणूस नसतं. लग्नसराई असते. तीन वर्षांपूर्वी जवळच्या लग्नाला आम्ही सगळे सकाळी निघालो. मातीची पसरट भांडी भरली, खुराड्याच्या पत्र्यावर तुराट्या टाकून ओल्या केल्या, दार उघडं ठेवलं. संध्याकाळी परतलो तेव्हा 7 गिरिराजपैकी 3 दाराशीच मरून पडल्या होत्या. सकाळी तिथे सावली होती, दुपारी उरली नव्हती. पाणी हाताच्या अंतरावर होतं. त्याच अंगणातल्या गावरान कोंबड्या सगळ्या ठीक होत्या. एका दिवसावरून जातीला दोष देऊ नये हे मान्य, पण त्याआधी आणि त्यानंतरही माझ्या पाहण्यात तेच येत गेलं. रात्रीचंही तसंच. गावरान शेवग्यावर चढून वाऱ्यात झोपते. जडपणामुळे गिरिराज झाडावर जात नाही आणि दिवसभर तापलेल्या खुराड्यातच रात्र काढते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की अंड्यांच्या बाबतीत दोघींचीही परीक्षा होते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातला तोल बिघडतो आणि कवचाला चुना कमी पडतो. माझ्या गिरिराज अंडी देत राहिल्या, पण पातळ कवचाची, हातात फुटणारी. गावरान सरळ अंडी घालणंच थांबवतात. शिंपल्यांचा चुरा ठेवला तर थोडा फरक पडतो. दाणा पहाटे आणि दिवेलागणीलाच टाकावा, दुपारी नको, कारण पचनानेही अंग तापतं. गावरान काटक म्हणून लस मात्र टाळू नका. मानमोडीला (राणीखेत रोगाला) जात कळत नाही, आणि आमचा अख्खा कळप एकदा तिनेच नेला.

घरी दिवसभर कोणी असेल, आजी-आजोबा असतील आणि दुपारी दोनदा उठून पाणी शिंपडायची तयारी असेल, तर गिरिराज घ्यायला मी नको म्हणणार नाही. अंड्यांचा हिशेब तिच्याच बाजूने पडेल. पण दोघंही नोकरीला किंवा शेतात जाणारे असाल, तर मला गावरानच बरी वाटते. त्यातही उघड्या मानेची मिळाली तर जास्त चांगलं. मानेवर पिसं नसल्याने ती लवकर थंड होते. माझ्याकडे तशी एक आहे आणि भर दुपारीही ती क्वचितच चोच उघडते.

घ्यायच्या तर आषाढात घ्या, उन्हाळ्याच्या तोंडावर नको. आठवडी बाजारात गावरान म्हणून संकरित माल बराच येतो. पाय पाहा, गावरानचा पाय बारीक असतो. हातात उचलून पाहा. दिसायला मोठी पण हाताला हलकी लागली, अंगाने सडपातळ आणि धरताच झटापट करत असली, तर घ्या.