न्यूरोसायन्सची पदवी: अमेरिकेसाठी कर्ज की गोव्यातच बीएस्सी?

बारावीनंतर मेंदूविज्ञानाकडे वळू इच्छिणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग अमेरिकेतील विद्यापीठात न्यूरोसायन्सची ४ वर्षांची पदवी घेण्याचा. दुसरा, मिरामार, मडगाव किंवा म्हापसा येथील महाविद्यालयात जीवशास्त्राशी संबंधित विषय घेऊन बीएस्सी करण्याचा आणि न्यूरोसायन्सकडे त्यानंतर वळण्याचा. दोहोंची तुलना करताना घरोघरी शेवटच्या पगाराचा विचार होतो, पण माझ्या मते मोजायला हवे ते मधल्या वर्षांचे उत्पन्न. या विषयातील पहिली पदवी एकट्याने फारसे कमवून देत नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र नेमका त्याच वर्षांत सुरू होतो. (न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदूविकारांचा डॉक्टर होण्याचा रस्ता ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि एमबीबीएसवरून जातो, न्यूरोसायन्सची पदवी तिथे पोहोचवत नाही, हे आधीच स्पष्ट असलेले बरे.)

आकडे मांडून पाहू. शिष्यवृत्ती वजा जाता दरवर्षी १५ लाख, म्हणजे ४ वर्षांत ६० लाख रुपये कर्ज काढले आणि व्याजदर ११ टक्के धरला, तर शिक्षणाची वर्षे आणि नंतरचे हप्त्यातून सवलतीचे १ वर्ष यांत सरळव्याजाने सुमारे २३ लाख रुपये चढतात. परतफेड सुरू होताना कर्ज ८३ लाखांवर गेलेले असते आणि १५ वर्षांच्या मुदतीला दरमहा हप्ता सुमारे ९४,५०० रुपये पडतो. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्याला अमेरिकेत वर्षाला साधारण ५० हजार डॉलर मिळतात, त्यामुळे तिथे राहून हा हप्ता काटकसरीने भरता येईल. परंतु पदवीनंतर काम करण्याची मुभा १२ महिन्यांची आणि विज्ञान शाखेसाठी आणखी २४ महिन्यांची असते. पुढे नोकरीसाठी लागणारा एच-१बी व्हिसा सोडतीवर अवलंबून असतो. कर्ज १५ वर्षांचे आणि खात्रीची कमाई ३ वर्षांचीही नाही, ही तफावत मला सर्वांत गंभीर वाटते.

तारणाचा प्रश्न गोव्यात अधिकच अवघड होतो. साडेसात लाखांवरील कर्जाला बँका सहसा स्थावर मालमत्तेचे तारण मागतात. आपल्याकडे वडिलोपार्जित घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) काका, आत्या आणि मुंबईला स्थायिक झालेली चुलत भावंडे अशी अनेक नावे असतात, वाटणी झालेली नसते आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत वाटणी करून घेण्याचा दावा वर्षानुवर्षे चालू शकतो. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता गहाण टाकता येत नाही. म्हणजे एका मुलीच्या पदवीसाठी साऱ्या कुटुंबाचे छप्पर पणाला लागते, आणि हे ओझे तिच्या मनावर चारही वर्षे राहते. खासगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण त्यांचा व्याजदर चढा असतो.

दुसऱ्या मार्गावर कमाई लहान आहे, पण कर्जही लहान आहे. बीएस्सी आणि एमएस्सी मिळून ४ लाख रुपयांचे कर्ज झाले, तर १० टक्के दराने ७ वर्षांसाठी हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना मिळाल्यास भार आणखी हलका होतो. तिच्या चालू अटी अर्ज करण्यापूर्वी पाहाव्यात. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलीच निम्हान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची संस्था येथे न्यूरोसायन्समध्ये पीएच.डी. करता येते, आणि त्यासाठी पहिल्या पदवीवर न्यूरोसायन्स हे नाव असावे लागत नाही. या मार्गाची उणीवही सांगायला हवी: जेआरएफ न मिळाल्यास प्रकल्पावरील तात्पुरत्या, कमी मानधनाच्या जागांवर काही वर्षे निघतात, आणि तो काळ मनोधैर्याची कसोटी घेणारा असतो.

परतून गोव्यात नोकरी करायची असेल, तर परदेशी पदवीचा फायदा आणखी घटतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांना प्रामुख्याने रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि फार्मसीचे पदवीधर हवे असतात. सरकारी भरतीत विषयाचे नाव नियमांत बसावे लागते, परदेशी पदवीला समकक्षता दाखवावी लागते आणि कोकणीचे ज्ञानही आवश्यक ठरते.

तरीही परदेशाचे दार बंद करू नये, फक्त ते कोणत्या टप्प्यावर उघडायचे ते ठरवावे. अमेरिकेतील न्यूरोसायन्सच्या पीएच.डी. कार्यक्रमांत सहसा शुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते विद्यावेतनही मिळते; ज्या देशात पदवीसाठी घर गहाण टाकावे लागते, त्याच देशात पुढच्या टप्प्यावर विद्यापीठ खर्च उचलते. पदवीलाच जायचे असेल, तर शिष्यवृत्तीने बहुतांश खर्च भागत असावा आणि अभ्यासात संख्याशास्त्र व प्रोग्रामिंग भरपूर असावे, कारण संशोधनाबाहेरची नोकरी बहुधा त्या कौशल्यांवर मिळते. आणि कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी एक उत्तर बँकेकडून लेखी घ्यावे: पदवीनंतर पीएच.डी.ला प्रवेश घेतला, तर हप्ते पुढे ढकलले जातील का, आणि त्या काळात व्याज कसे आकारले जाईल?